करवत लावण्यापूर्वी

सागवानाच्या पाच फळ्या आमच्या घरी सहा वर्षे पलंगामागे उभ्या होत्या. आजोळचा वाडा उतरवला तेव्हा वाटणीत एक तुळई आली होती. ती वखारीत नेऊन चिरून घेतली. चिरण्यापूर्वी वखारवाल्याने जुने खिळे शोधण्यात तासभर घालवला, कारण एक खिळा आत राहिला तर करवतीचे पाते जाते. सव्वा इंच जाडीच्या, कडेने काळवंडलेल्या आणि आतून मधाच्या रंगाच्या फळ्या घरी आल्या तेव्हा त्यांचा वास दोन दिवस घरभर होता. लाकूड उत्तम होते, हत्यारे हाताशी होती, रंधा-पटाशी चालवण्याइतपत सुतारकाम मला येत होते. आईचे गुडघे गेले होते आणि जमिनीवर मांडी घालून बसायला डॉक्टरांनी मनाई केली होती. "खुर्चीवर बसून पूजा करता येईल असं काहीतरी करून दे," एवढेच तिचे मागणे होते.

सहा वर्षे ते झाले नाही. याला आळस म्हणावे तर तसे नव्हते. या काळात मी अकरा रेखाचित्रे काढली. देव्हाऱ्याला शिखर असावे की सपाट माथा? पुढे खण एक असावा की दोन? बाजूंना जाळी की साध्या फळ्या? बिजागऱ्या पितळी असाव्यात, पण मग कड्याही पितळी हव्यात आणि त्या जुन्या बाजारात शोधायला हव्यात. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापेक्षा चांगले होते, आणि प्रत्येक चित्राने पहिला काप महिनाभर पुढे ढकलला. आईचे देव तोवर औषधांच्या स्टुलावर बसले होते.

हा रोग माझ्या एकट्याचा नाही, हे मला पुढे कळले. घरोघरी पाहावे. कपाटात 'चांगल्या डिझाइनसाठी' राखून ठेवलेले खणाचे कापड असते. माळ्यावर लोकरीचे गुंडे असतात आणि त्यांच्यासोबत पाठीचा भाग विणून झालेला, पण गळा कसा घ्यावा यावर अडलेला स्वेटर असतो. ज्या बाळासाठी तो घातला होता ते बाळ आता कॉलेजात जाते. कोऱ्या कॅनव्हासला जाळे लागलेले असते. यातल्या कुणाला काम येत नाही असे नाही. उलट ज्यांना येते, ज्यांना चांगल्या-वाइटातला फरक कळतो, त्यांच्याकडेच ही अडगळ जास्त साठते. वस्तू आवडीची नसती तर ती केव्हाच उरकली असती.

रांगोळीला भीती नसते

असे का व्हावे? याचे उत्तर मला एका दिवाळीत आमच्याच अंगणात सापडले. चार महिने ब्लाउजच्या कापडाला कात्री लावायला न धजणारी आमच्या नात्यातली एक बाई सकाळी अंगणात बसली आणि अर्ध्या तासात तिने चार हात रुंद रांगोळी काढून मोकळी झाली. ठिपके मनात मोजलेले, हात न थबकणारा. एक पाकळी वाकडी गेली तर तिने ती बोटाने पुसली आणि पुन्हा ओढली. तीच बाई, तीच नजर, तेच कसब. फरक होता तो माध्यमात. रांगोळी पुसता येते, कापलेले कापड जोडता येत नाही.

हस्तकलेतला अनिर्णय विचारांच्या अभावातून येत नाही. परत न फिरवता येणाऱ्या कृतीच्या धास्तीतून तो येतो. कुंभाराची ओली माती दहा वेळा मोडून पुन्हा चाकावर चढते. एकदा भट्टीत गेली की तिचा आकार ठरला. लाकडात तर पहिल्या कापापासूनच भट्टी सुरू होते. वाड्याच्या तुळईचे लाकूड तर पुन्हा मिळणारही नसते. मग मन एक सोयीची पळवाट काढते. 'अजून थोडा विचार करू' असे ते म्हणते. या वाक्यात एक प्रतिष्ठा आहे, म्हणून ते धोकादायक आहे. आपण काम टाळतो आहोत असे त्यात वाटत नाही. कामाला न्याय देतो आहोत असे वाटते.

त्यात पर्यायांची गर्दी भर घालते. सनमायकाच्या दुकानात चारशे नमुन्यांची पुस्तके समोर आली की गिऱ्हाईक 'घरी विचारून येतो' म्हणून निघते, हे कुठलाही दुकानदार सांगेल. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग गाजला. कॅलिफोर्नियातील एका दुकानात त्यांनी कधी २४, तर कधी सहाच प्रकारचे जॅम चाखायला मांडले. मोठ्या मांडणीपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे तीन टक्के लोकांनी बाटली विकत घेतली. छोट्या मांडणीपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांनी. पुढच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे त्याला नियम म्हणता येणार नाही. पण ज्याने जाळी, शिखर आणि बिजागऱ्या यांत सहा वर्षे घालवली आहेत, त्याला त्यात आपला चेहरा दिसतो.

याची उलट बाजूही आहे. मर्यादा आली की हात मोकळा होतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या आवारात संगमरवराचा एक प्रचंड ठोकळा कित्येक वर्षे पडून होता. १४६४ मध्ये अगोस्तिनो दि दुच्चो याने त्यावर काम सुरू करून सोडले. १४७६ मध्ये अंतोनियो रोस्सेल्लिनोकडे ते आले आणि पुन्हा थांबले. उंचीच्या मानाने ठोकळा अरुंद, त्यात आधीच्या हातांनी खोदून ठेवलेला. १५०१ मध्ये तो २६ वर्षांच्या मायकेलअँजेलोकडे आला. त्याने आधी मेणाची लहान प्रतिकृती केली, असे त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. १५०४ मध्ये त्यातून सतरा फुटांचा 'डेव्हिड' उभा राहिला. कोऱ्या, निर्दोष दगडात कुठलीही मूर्ती दडलेली असू शकते. या बिघडलेल्या दगडात मात्र मोजक्याच मूर्ती मावणार होत्या, आणि त्यांतली एक त्याने मेणात पाहून घेतली होती.

कच्चा टाका

मेणाची ती प्रतिकृती मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक जुन्या कारागिरीने आपापले मेण शोधून ठेवलेले आहे. शिंपी कापडावर आधी खडूने आखतो, कारण खडू झटकता येतो. मग कच्चा टाका घालतो, अंगावर चढवून पाहतो आणि नंतरच मशीनची टीप मारतो. सुतार सगळे सांधे आधी सरस न लावता नुसते जुळवून पाहतो. कुसू त्याच्या खाचेत बसते का, चौकट गुण्यात आहे का, हे कोरडेपणीच कळते. सरस लावल्यावर कळून उपयोग नसतो. अवघड सांधा असेल तर तो आधी टाकाऊ तुकड्यावर करतो. हे कारागीर आपल्यापेक्षा धाडसी असतात असा आपला समज असतो. खरे तर ते धाडसाची गरजच कमी करत आणतात. न परतणाऱ्या कृतीच्या अलीकडे ते चार परतणाऱ्या कृती रचून ठेवतात.

नवशिक्याला यातून घेण्यासारखा पहिला धडा असा की कागदावर अडलेला प्रश्न कागदावर सुटत नाही. टेबल किती उंच हवे हे चित्र सांगणार नाही. खोक्याचा पुठ्ठा कापून, त्याला चिकटपट्टी लावून त्याच मापाचे टेबल उभे करावे आणि दोन दिवस त्याला वळसा घालून घरात वावरावे. गुडघा आपटला की उत्तर मिळते. पुठ्ठ्याला काही लागत नाही, आणि तो चुकला म्हणून कुणाचा जीव हळहळत नाही.

दुसरा धडा क्रमाचा आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले मानले जाते. त्याविषयीची एक दंतकथा कृष्ण याज्ञवल्की याच्या 'कथाकल्पतरू'त येते. राजा आजारी पडला तेव्हा राणीने नवस केला की राजा बरा झाला तर मी शिवाचे मंदिर बांधीन आणि शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. पण शिखर दिसायला काही महिने लागतील, असे शिल्पी म्हणू लागले. पैठणच्या कोकस नावाच्या शिल्प्याने मात्र आठवड्यात शिखर दाखवतो असे सांगितले, आणि डोंगर माथ्याकडून कोरायला घेतला. कथा कथाच आहे, पण लेणे खरोखरच वरून खाली कोरलेले आहे, आणि कोकसाचे शहाणपण हत्यार धरणाऱ्या कुणालाही पटावे असे आहे. सगळे एकदम ठरवायला बसलेले शिल्पी अडले. आधी काय दिसायला हवे, एवढाच प्रश्न कोकसाने स्वतःला विचारला.

कैलासाच्या कोरीवकामात आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा केला गेला. बारीक नक्षी त्यानंतरची. दगड पुन्हा चिकटवता येत नाही, म्हणून तो आधी भरपूर राखायचा आणि नेमकी रेषा शेवटी गाठायची. सुतारही हेच करतो. करवत रेषेच्या बाहेरून चालवतो आणि रेषेपर्यंत रंध्याने येतो. पहिला काप अचूक असावा लागत नाही, तो योग्य बाजूला असावा लागतो. हे मला कुणी पहिल्याच वर्षी सांगायला हवे होते.

क्रम ठरवताना एक साधा निकष लावता येतो. कोणता निर्णय मागाहून बदलता येईल? कड्या, मुठी, रंग हे शेवटपर्यंत मोकळे ठेवता येतात. चपडा लाखेचे पॉलिश आवडले नाही तर स्पिरिटने ते काढता येते. उंची, रुंदी आणि खोली बदलता येत नाहीत, म्हणून सारा विचार तिथे खर्च करावा. मी नेमके उलटे केले होते. पितळी कड्यांवर माझी दोन वर्षे गेली आणि उंचीचा विचार मी केलाच नव्हता.

काही निर्णय तर आपले नसतातच. ते लाकडाचे असतात. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून रुंद फळी चौकटीत सरस लावून जखडली की ती एखाद्या उन्हाळ्यात तडकते. जुन्या दारांमध्ये दिलहे चौकटीच्या खाचेत मोकळे बसवलेले असतात ते याचसाठी. मोठी गाठ असेल तिथे कुसू काढायचे नाही, भार पेलणाऱ्या पायाला तिरप्या रेषेचे लाकूड घ्यायचे नाही. असे एकेक 'नाही' लिहीत गेले की अकरा चित्रांतली सहा आपोआप गळतात.

चुकीचे काय करायचे?

एवढे करूनही चूक होणारच. ही खात्री मनाने स्वीकारली नाही तर बाकीची सगळी तयारी फुकट जाते. अजिंठ्याचे चौथ्या क्रमांकाचे लेणे हा तिथला सर्वांत मोठा विहार. तो कोरताना छताच्या खडकात दोष निघाला. एवढे काम झालेले, जागा बदलता येणार नाही. तेव्हा कारागिरांनी सदोष थर काढून टाकत छतच आणखी वर नेले. दालन ठरल्यापेक्षा उंच झाले. ते लेणे शेवटी पूर्णत्वाला गेले नाही, पण आज तिथे उभे राहिल्यावर चूक दिसत नाही, उंची दिसते.

लाकडातले असेच एक उदाहरण जॉर्ज नाकाशिमा यांचे. जन्म १९०५ चा, अमेरिकेतला, आईवडील जपानी. शिक्षणाने वास्तुरचनाकार. पाँडिचेरीत श्रीअरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या वसतिगृहाच्या बांधकामासाठी ते १९३० च्या दशकात भारतात आले आणि आश्रमाचे साधकही झाले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या इतर अमेरिकनांबरोबर त्यांनाही छावणीत डांबण्यात आले. तिथे एका जपानी सुताराच्या हाताखाली ते पारंपरिक काम शिकले. पुढे १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठीही त्यांनी फर्निचर केले. चिरलेली, वेड्यावाकड्या कडांची फळी इतर सुतार बाजूला टाकत. नाकाशिमा चीर तशीच ठेवत, आणि ती पुढे वाढू नये म्हणून तिच्यावर फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर आडवी बसवत. ती पाचर लपवलेली नसे. पुढे तीच त्यांच्या कामाची ओळख ठरली.

पण नाकाशिमांच्या चरित्रातली एक गोष्ट मी बरीच वर्षे स्वतःच्या बचावासाठी वापरत होतो. ते फळ्या वर्षानुवर्षे साठवून ठेवत आणि योग्य वापर सुचेपर्यंत थांबत. मग मी थांबलो तर बिघडले कुठे? बिघडले असे की त्यांचे थांबणे हा कामाचाच भाग होता. ओले लाकूड उघड्यावर वाळायला इंचभर जाडीला साधारण एक वर्ष लागते. शिवाय ही फळी थांबलेली असताना दहा फळ्यांवर काम चालू असे, आणि हात रोज लाकडावर असल्यामुळे डोळ्यांनाही ती फळी रोज थोडी अधिक कळे. माझ्या फळ्या वाड्याच्या छपराखाली कित्येक दशके वाळून आल्या होत्या. त्यांचे काही पिकायचे राहिले नव्हते. थांबणे आणि टाळणे दुरून सारखेच दिसतात. फरक ओळखण्याची खूण एकच. थांबणाऱ्याला आपण कशासाठी थांबलो आहोत ते सांगता येते.

आणि वस्तू तरी कुठे थांबते? सहाव्या पावसाळ्यात पलंगामागच्या भिंतीला ओल आली आणि शेवटच्या फळीवर वाळवीची मातकट रेघ चढली. सागाचा गाभा तिने सोडला, पण कडेचे पांढुरके लाकूड खाऊन टाकले. निर्णय मी घेतला नाही, म्हणून एका फळीचा निर्णय वाळवीने घेतला.

कोपराची उंची

त्याच पावसाळ्यात आमचे मोरीचे दार फुगून अडकू लागले, म्हणून एक वयस्क सुतारकाका आले. दार रंधून झाल्यावर त्यांची नजर फळ्यांकडे गेली. त्यांनी एक फळी उजेडात धरली, नखाने ओरखडून पाहिली.

"लाकूड झकास आहे. कशासाठी ठेवलंय?"

मी सगळी हकिगत सांगितली आणि अकरा चित्रे पुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली, पुन्हा नीट लावली आणि माझ्या हातात दिली.

"चित्रं चांगली आहेत. पण यात आई कुठं आहेत?"

मग त्यांनी आईला तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसायला सांगितले. "आई, रोज पूजेला बसता तशा बसा. हां, आता समई लावा." आईने हवेत समई लावली. काकांनी एक साधी काठी तिच्या बाजूला उभी धरून पेन्सिलीने खुणा केल्या. बसायची जागा सतरा इंचांवर, कोपर पंचवीस इंचांवर, नजर कुठे, हात फार न ताणता किती पुढे पोचतो, ज्योत कुठवर येईल. खुर्ची पुढे घेतल्यावर मांड्या आत जायला हव्यात, म्हणजे पुढचे खण आपोआप गेले. ज्योत वर लागायला नको, म्हणजे शिखरही गेले आणि माथा उघडा राहिला. हात जाळीपर्यंत पोचून पुसता येणार नाही, म्हणजे जाळी गेली. पाच मिनिटांत काठीवर सहा खुणा झाल्या आणि माझे सहा वर्षांचे प्रश्न संपले. काही उरले असतील तर ते विचारण्याच्या लायकीचे नव्हते.

मी इतकी वर्षे 'कसा देव्हारा सुंदर दिसेल' हे विचारत होतो. या प्रश्नाला शेवट नाही. 'कुणासाठी' या प्रश्नाला शेवट असतो, कारण त्या माणसाला कोपर असते आणि ते कोपर जमिनीपासून किती इंचांवर आहे हे मोजता येते.

पुढच्या तीन रविवारी आम्ही दोघांनी ते काम केले. पहिला काप मी घेतला, रेषेच्या बाहेरून. पुढच्या फळीत एक जुना चौकोनी खिळ्याचा खड्डा नेमका दर्शनी बाजूला आला. मी फळी बदलू म्हणालो. काकांनी सागाचाच तुकडा ठोकून तो बुजवला आणि म्हणाले, "आजोळच्या वाड्याची खूण आहे, राहू द्या." आईने पहिल्याच दिवशी तिथे हळदीकुंकवाची कोयरी ठेवली आणि ती जागा कोयरीचीच झाली. कड्या लावायच्या राहिल्या. त्यांची आठवण कुणाला झाली नाही.

त्या देव्हाऱ्यापुढे आई अडीच वर्षे बसली. साडेआठ वर्षे बसू शकली असती. हा हिशेब मी अनेकदा केला आहे आणि तो कुठल्याही रंध्याने गुळगुळीत होत नाही.

दोन फळ्या अजून शिल्लक आहेत. पुतणीला अभ्यासाचे टेबल हवे आहे. परवा तिला खुर्चीवर बसवून त्याच काठीच्या दुसऱ्या बाजूवर तिच्या कोपराची खूण केली. ती नऊ वर्षांची आहे, तेव्हा ती खूण फार दिवस खरी राहणार नाही.